लॉन नको, वाफे पाडा

सांगली-मिरजेत एखाद्या लेआउटची ओपन स्पेस ताब्यात आली की मीटिंगमधला ठराव ठरलेला असतो: कंपाउंड, लॉन, चार बाक आणि पगारी माळी. रहिवाशांची तब्येत सुधारायची असेल तर यातला माळी आधी वजा करा आणि लॉनऐवजी घराघराला भाजीचा वाफा द्या. पगार एकाला आणि व्यायामही त्यालाच, असला व्यवहार काय कामाचा?

अमेरिकेत डेन्व्हरला यावर रीतसर चाचणी झाली, 2023 मध्ये 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मध्ये छापून आली. 291 प्रौढ, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट. एका गटाला सामायिक बागेत स्वतःचा वाफा, थोडं बी-रोपं आणि सुरुवातीचं शिक्षण. दुसऱ्याला थांबायला सांगितलं. वाफेवाल्यांच्या खाण्यात तंतुमय पदार्थ दुसऱ्या गटापेक्षा रोज 1.41 ग्रॅमने जास्त गेले, अंग हलवणारी मेहनत रोज पावणेसहा मिनिटांनी जास्त भरली, ताण आणि चिंता कमी झाली. वजनात आणि कमरेच्या घेरात दोन्ही गटांत दखल घ्यावी असा फरक पडला नाही. तेव्हा 'बागकाम करा, पोट घालवा' हे फॉरवर्ड डिलीट करा. आणि 1.41 ग्रॅम म्हणजे किती, तर निवडलेल्या मेथीची मूठभर पानं. थोडंच आहे, पण रोजचं आहे.

हे 'रोजचं' पीकच करून घेतं. भेंडी 45-50 दिवसांनी सुरू झाली की दिवसाआड तोडावीच लागते, दोन दिवस चुकलं तर जून होते. म्हणून प्रत्येक घराच्या वाफ्यात एक तरी तोड्याचं पीक हवं: भेंडी, गवार, नाहीतर घेवडा. नुसती मेथी-पालक टाकली की माणसं पेरायला येतात आणि थेट काढायला.

वाफा 10 बाय 3 फुटांचा. रुंदी याहून वाढवली तर मधलं तण काढायला हात पोचत नाही, मग लोक वाफ्यात पाय देतात आणि काळी माती दगड होते. कृष्णाकाठची ही माती पाणी धरून ठेवते, म्हणून गादीवाफा 9 इंच ते फूटभर उंच घ्या. दोन घमेली मातीला एक घमेलं कुजलेलं शेणखत. वाफसा आल्याशिवाय, म्हणजे माती ओलसर पण भुसभुशीत झाल्याशिवाय, कुदळ लावायची नाही. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड, रस गाळून उरलेला गाळ) फुकट मिळाली तरी ताजी घालू नका, ती तापते आणि मुळं जाळते. दोन-तीन महिने कुजवा. उसाचं पाचट मातीत मिसळू नका, वरून दोन इंच पसरा. मिसळलं तर ते कुजताना नत्र ओढून घेतं, पिकं पिवळी पडतात आणि लोक युरिया शोधत फिरतात.

उन्हाळ्यात एका वाफ्याला दिवसाला 15 ते 20 लिटर पाणी लागतं. बोअरच्या पाण्याने मातीवर पांढरा थर येत असेल तर घेवड्याचा नाद सोडा, तो क्षाराला फार हळवा. पालक आणि बीट बरंच सोसतात. नाल्याचं पाणी पालेभाजीला अजिबात नाही.

गुडघे गेलेल्यांसाठी दोन फूट उंच विटांचे दोन-तीन वाफे बांधा; खाली बसता येत नाही म्हणून ज्येष्ठांना बाकावर बसवून ठेवणं हा मला बागेचा अपमान वाटतो. मधुमेह असलेल्यांनी अनवाणी वाफ्यात उतरायचं नाही. पायाला संवेदना कमी असेल तर काच रुतलेली कळतच नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन सगळ्यांचं झालेलं हवं. पुराचं पाणी येऊन गेलं असेल तर गमबूट आणि हातमोजे घालूनच काम, लेप्टोचा (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाचा) धोका असतो. वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पाणी आणि खत सामायिक, वाफा मात्र ज्याचा त्याचा. तीन आठवडे तण तसंच दिसलं तर वाफा यादीतल्या पुढच्या घराला, हे पहिल्याच मीटिंगमध्ये लिहून घ्या. नंतर कुणी वाईटपणा घेत नाही. मे महिन्यात निम्मी सोसायटी गावी जाते आणि बाग तिथंच मरते. त्याआधी वाफे रिकामे करा, भरपूर पाणी द्या आणि पारदर्शक प्लास्टिक कडा मातीत दाबून चार ते सहा आठवडे झाका. उन्हाने तणाचं बी आणि मातीतली बुरशी बरीच मरते, जूनला वाफा पेरणीला तयार.