गरमीची ट्यूब

आमचं मेडिकल तुर्भ्यात. रात्री दहाच्या पुढे, काउंटरवर कुणी बाई नाही असं बघून एखादा जवळ सरकतो आणि हळूच म्हणतो, ‘गरमी झालीय, ट्यूब द्या.’ कुठे, हे विचारायचं नसतं. मीही कित्येक वर्षं विचारलं नाही. ट्यूब पिशवीत टाकायची, सुट्टे परत द्यायचे. (ट्रकवाले असतील म्हणून माना डोलवू नका. गळ्यात आयटी कंपनीचं आयकार्ड अडकवलेले पण येतात, फक्त इंग्रजीत मागतात.)

तर आज स्वतःच्याच गल्ल्याविरुद्ध लिहितोय. या ‘गरमी’त कधीकधी खरीच गरमी असते, म्हणजे सिफिलिस हा गुप्तरोग. तिची जखम बहुतेक वेळा दुखत नाही आणि काही न लावताही तीन ते सहा आठवड्यांत भरते. श्रेय ट्यूबला, जंतू अंगात तसेच. आणि जखम उघडी असते तेव्हा एचआयव्हीला आत शिरायला वाट मिळते. वर, जखमेशी लढायला शरीर ज्या पांढऱ्या पेशी तिथे धाडतं, त्यांतल्याच काहींना तो धरतो.

परम्याचं, म्हणजे गनोरियाचं, उलट्या बाजूने: ज्याला एचआयव्ही आहे, तो दुसऱ्याला जास्त देतो. मलावीतल्या १९९७ च्या अभ्यासात, एचआयव्ही असलेल्या ज्या पुरुषांच्या मूत्रमार्गाला सूज होती, त्यांच्या वीर्यात विषाणू आठपट निघाला. अँटिबायोटिक दिल्यावर दोन आठवड्यांत उतरला.

टांझानियात म्वान्झा भागातल्या गावच्या दवाखान्यांनी अशा गुप्तरोगांवर नीट उपचार सुरू केले, तर एचआयव्हीच्या नव्या लागणी सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या, हे १९९५ मध्ये छापून आलं. युगांडात ठरावीक महिन्यांनी सरसकट सगळ्यांना औषधं दिली, तिथे मात्र फरक दिसला नाही. मी दुकानदार यातून एवढंच घेतो, की तक्रार घेऊन आलेला माणूस हातचा घालवू नये. आणि तो आधी माझ्याकडे येतो, डॉक्टरकडे नाही!

हर्पिस, म्हणजे गुप्तांगावर फोड आणणारा विषाणू, सगळ्यात चिवट. तो असेल तर एचआयव्हीचा धोका दुप्पट-तिप्पट, आणि त्यावरचं औषध असायक्लोव्हिर रोज देऊनही हा धोका कमी झाल्याचं चाचण्यांत दिसलं नाही. तिथे कंडोमला पर्याय नाही.

आता मी ट्यूब देत नाही. चिठ्ठीवर लिहून देतो: सरकारी रुग्णालयातलं सुरक्षा क्लिनिक (गुप्तरोगांचं), सिफिलिस आणि एचआयव्ही दोन्ही तपासण्या फुकट, हेल्पलाइन १०९७. जोडीदारालाही न्या म्हटलं की निम्मे चिठ्ठी काउंटरवरच ठेवून जातात. परवा एकाने विचारलं, ‘बायकोला काय सांगू?’ मला काही सुचेना. मागे एक गिऱ्हाईक डायपरसाठी खोळंबलं होतं.