तळघर बुजवणारेही इंग्रजच

आगीत जळालेला राज कपूर यांचा चेंबूरचा आर. के. स्टुडिओ २०१९ मध्ये बिल्डरला विकला गेला, तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर शोकसभा चालली. तेव्हापासून कुठलीही जुनी वास्तू पडली की ती पुन्हा भरते आणि चेंबूरचा मामा हमखास लिहितो, "तुमच्या लिव्हरपूलला बघ, बीटल्सची वीट न् वीट जपलीय. आपल्या लोकांना किंमतच नाही."

मामा, विटांचंच ऐक. बीटल्स या इथल्याच बँडनं १९६१ ते १९६३ या काळात ज्या कॅव्हर्न क्लबात जवळजवळ तीनशे कार्यक्रम केले, तो मॅथ्यू स्ट्रीटवरचा क्लब १९७३ मध्ये बंद झाला. का, तर भुयारी रेल्वेला हवा खेळवणारा झरोका तिथे काढायचा होता. वरचं गोदाम पाडलं, खालचं तळघर बुजवलं. झरोका झालाच नाही! त्या जागेवर मग गाड्या उभ्या राहू लागल्या. आपल्या महापालिकेनं हे केलं असतं, तर इंग्रजांचे गोडवे गाणारे किती लेख आले असते!

१९८० मध्ये बीटल्समधल्या जॉन लेननची हत्या झाली. त्यानंतर कुठे जुन्यातल्या हजारो विटा वापरून नवा कॅव्हर्न उघडला, तो १९८४ मध्ये. पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेते. गर्दी, बिअर, टी-शर्ट, सगळं मिळतं.

मला स्वतःला २०, फोर्थलिन रोड आवडतं. नगरपालिकेच्या भाड्याच्या घरांच्या रांगेतलं हे एक घर. बीटल्समधल्याच पॉल मॅकार्टनीचं कुटुंब इथे १९५५ मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी पॉलची आई गेली. पुढच्या खोलीत पॉल आणि जॉन शाळा बुडवून गाणी रचत. भिंतींना उरल्यासुरल्या वॉलपेपरचे तुकडे, सगळे वेगवेगळ्या नक्षीचे. आपल्याकडे स्मारक म्हटलं की चौथरा आणि पुतळा डोळ्यांपुढे येतो. लतादीदी गेल्यावर शिवाजी पार्कात स्मारक करायचं की मैदान मैदानच ठेवायचं, यावर केवढं रण माजलं. मी मैदानाच्या बाजूची. पण एखादी साधी खोली जशीच्या तशी ठेवा, असं म्हणणारं मला त्या गदारोळात कोणी दिसलं नाही.

फोर्थलिन रोडचं हे घर जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टनं १९९५ मध्ये घेतलं. ट्रस्ट म्हणजे सरकार नव्हे. सभासदांची वर्गणी, देणग्या, तिकिटं यांवर तो चालतो. वर्गणी काढण्यात आपण काही कमी नाही. पण चेंबूरच्या जमिनीचा भाव फोर्थलिन रोडला नाही, हेही खरं. आगीनंतर आर. के. स्टुडिओ पुन्हा उभारणं परवडत नाही, असं कपूर मंडळी म्हणाली. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

मामाच्या सोसायटीनं गेल्या वर्षी रिडेव्हलपमेंटला सह्या केल्या. त्यात मामाचीही आहे. तिथल्या तिसऱ्या मजल्यावर माझी आई पेटी शिकली. ती पेटी आता कुठे आहे, हे मी अजून ग्रुपवर विचारलेलं नाही.