नुसतेच घालतात

गेल्या रविवारी सकाळी पर्वतीच्या पायऱ्यांवर एका अनोळखी ज्येष्ठ गृहस्थांनी माझ्याकडे बोट दाखवून आजूबाजूच्या मंडळींना सांगितले, "हे त्यातले नाहीत. हे नुसतेच घालतात." या वाक्यातील 'हे' म्हणजे मी, आणि घालण्याची वस्तू म्हणजे पहाटेच्या अंधुक उजेडातही डोळ्यांत घुसणारा, पिवळा म्हणावा की हिरवा याचा निर्णय न होणारा, नवा कोरा टी-शर्ट. चार-पाच जण हसले. एक बाई नुसत्याच "अच्छा" म्हणाल्या, आणि तो "अच्छा" मला अजून पचलेला नाही.

टी-शर्ट घेण्यामागे विचार होता. जुन्या बनियनमध्ये व्यायामाला निघण्याचा हुरूप येत नाही आणि नवे कपडे खुर्चीवर काढून ठेवले की गजर बंद करून पुन्हा झोपण्याची लाज वाटते, असे माझ्या ऑफिसातील एका तरुण सहकाऱ्याने सांगितले होते. ते खरेही ठरले. मी उठलो, कपडे चढवले, आरशात पाहिले आणि पर्वतीच्या पायथ्याशी पोहोचलो. पर्वतीला पायऱ्या १०३ आहेत. त्या रुंद आणि बुटक्या असल्यामुळे सोप्या वाटतात, पण एका पायरीवर दोन पावले टाकावीत की एकच लांब ढांग, याचा हिशेब पायांना शेवटपर्यंत लागत नाही. निम्म्याच्या जरा अलीकडे मी कठड्याला टेकून श्वास परत मिळवत होतो, तेव्हा हे काका वरून उतरताना दिसले.

कानटोपी, अर्ध्या बाह्यांचा मातकट स्वेटर, नाडीची ढगळ पँट आणि पायांत कॅनव्हासचे पांढरे बूट. ते थेट माझ्यापाशी येऊन थांबले.

"पाणी कुठं ठेवलंय?"

मला वाटले, त्यांना तहान लागली आहे. मी माझी बाटली पुढे केली.

"ही तुमची उष्टी नको. वाटपाचं पाणी कुठं आहे?"

"कसलं वाटप?"

"म्हणजे तुम्ही स्वयंसेवक नाही?"

"नाही."

"मग हा रंग?"

हा प्रश्न त्यांनी ज्या स्वरात विचारला, त्या स्वरात पूर्वी पोलीस हवालदार रात्री बारानंतर सायकलचा दिवा कुठे आहे असे विचारीत. मी सांगितले की हा व्यायामाचा टी-शर्ट आहे. काकांनी क्षणभर विचार केला आणि माझा खुलासा फेटाळून लावला.

"मागच्या महिन्यात तुमच्या लोकांनी शर्यतीसाठी रस्ता अडवला होता. मंडईत जायला मला पाऊण तास लागला. हाच रंग घातलेला एक मुलगा मला म्हणतो, आजोबा, पलीकडून जा. पलीकडून म्हणजे कुठून? पलीकडे कालवा आहे."

"काका, माझा त्या शर्यतीशी काही संबंध नाही."

"संबंध नाही, तर त्यांचे कपडे का घालता?"

याला उत्तर नव्हते, आणि असते तरी देण्याइतका श्वास नव्हता. तेवढ्यात काकांनी हात पुढे करून माझ्या बाहीचे टोक अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरले व चोळून पाहिले. त्या चोळण्यात सराव होता. लक्ष्मी रस्त्यावर कापडाच्या दुकानात एकतीस वर्षे काढल्याचे त्यांनी मी न विचारता सांगितले.

"हे प्लास्टिक आहे."

"पॉलिस्टर आहे."

"तेच ते. केवढ्याला?"

खरे तर इथेच मी खोटे बोलायला हवे होते. "बाराशे."

"मीटर?"

"नाही, पूर्ण टी-शर्टचे."

काकांनी डोळे मिटून हिशेब केला आणि या रकमेत पूर्वी किती परकर निघाले असते, ते मला सांगितले. आकडा मोठा होता. मी माझ्या परीने विज्ञानाचा आधार घेतला. सुती कापड घाम पिऊन घेते आणि ओले, जड होऊन अंगाला चिकटते. हे कापड घाम पीत नाही, तर धाग्यांमधल्या फटींतून त्याला बाहेरच्या पृष्ठभागावर पसरवते, म्हणजे तो लवकर उडतो. अंग थंड होते ते घाम उडाल्यामुळे. टपकून जमिनीवर पडलेल्या घामाचा काही उपयोग नसतो. हे सगळे मी एका दमात सांगितले नाही, कारण दम नव्हता. तरी काकांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे घाम वाळवायचे बाराशे. माझा फुकट वाळतो." मग माझ्याभोवती अर्धी प्रदक्षिणा घालून ते मागे गेले. "पाठीवर काय लिहिलंय? नेव्हर... स्टॉप." पुन्हा पुढे आले. "मग थांबलात का?"

एव्हाना खालून येणारी काही मंडळी आमच्यापाशी थबकली होती. त्यांपैकी त्या बाईंनी अतिशय आदबीने मला विचारले, "दादा, आज काही कार्यक्रम आहे का?" आणि माझ्या वतीने काकांनी ते सुरुवातीला दिलेले उत्तर दिले.

आता राग निवल्यावर, म्हणजे पुरता निवलेला नसताना, मला काकांच्या बुटांविषयी चार शब्द लिहायचे आहेत. ते कॅनव्हासचे बूट आदल्या रात्री कोणीतरी पांढरा रंग लावून, कडांवर ओघळ येणार नाहीत अशा बेताने वाळवलेले होते. नाड्या धुतलेल्या होत्या. म्हणजे व्यायामाला जाताना काय घालायचे याची तयारी त्या घरातही आदल्या रात्रीपासून होत होती. फक्त तिला साधेपणा म्हणायचे आणि माझ्या तयारीला थेर म्हणायचे, असा पुण्याचा ठराव आहे. पर्वतीवर, तळजाईवर, वेताळ टेकडीवर अशी कानटोपीधारक मंडळी मोठ्या संख्येने दिसतात. आपण कपड्यांचा अजिबात विचार करत नाही हे दिसावे म्हणून त्यांनी घेतलेले कष्ट माझ्या बाराशे रुपयांपेक्षा कमी नसतात.

कपड्यांचा मनावर परिणाम होतो का, यावर शास्त्रज्ञांनीही डोके चालवले आहे. अमेरिकेतील ॲडम आणि गॅलिन्स्की या दोन संशोधकांनी २०१२ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी लोकांना पांढरा कोट घालायला दिला. हा डॉक्टरचा कोट आहे असे सांगितले, तेव्हा घालणाऱ्यांचे लक्ष अधिक एकाग्र झाल्याचे दिसले. तोच कोट रंगकाम करणाऱ्याचा आहे असे सांगितले, तेव्हा ती करामत दिसली नाही. पुढे २०१९ मध्ये दुसऱ्या गटाने या कामातील पहिला प्रयोग बऱ्याच अधिक लोकांवर पुन्हा करून पाहिला, तर परिणाम सापडेना. त्यामुळे कोटाचे नक्की काय हे आजही कोणी छातीवर हात ठेवून सांगत नाही. मला मात्र त्यातील रंगाऱ्याचा भाग तंतोतंत पटला. घरातून निघताना माझ्या अंगात धावपटूचा टी-शर्ट होता आणि तोवर पायांत बळही होते. काकांनी त्याला स्वयंसेवकाचा टी-शर्ट ठरवले आणि त्यानंतरच्या पायऱ्या मी पाणीवाटप करणाऱ्या माणसाच्या चालीने चढलो. अंगावरच्या कापडाचा अर्थ आपण एकट्याने ठरवून भागत नाही, बघणाऱ्यांची त्याला संमती लागते. आणि पुण्यात संमती मागायला गेले की आधी हरकती येतात.

रंगाचेही तसेच. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये मुष्टियुद्ध, तायक्वांदो आणि कुस्तीच्या दोन प्रकारांत खेळाडूंना लाल किंवा निळा पोशाख चिठ्ठ्या टाकाव्यात तसा वाटला गेला होता. दोन ब्रिटिश संशोधकांनी ते निकाल तपासले, तेव्हा लालवाले सुमारे ५५ टक्के लढती जिंकल्याचे आढळले. पण हा फरक प्रतिस्पर्धी तुल्यबळ असतील तिथेच ठळक होता. एकजण फारच वरचढ असेल तर रंग काही करू शकत नव्हता. माझी लढत पर्वतीशी होती.

कापडाने खरोखरच कामगिरी वाढते याचा पुरावा हवा असेल तर पोहण्याकडे जावे लागते. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकच्या सुमारास अंगाला घट्ट आवळणारे, पाणी न धरणारे पोहण्याचे पोशाख आले आणि विक्रम पटापट कोसळू लागले. २००९ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत एका आठवड्यात ४३ विश्वविक्रम झाले, तेव्हा संघटनेची झोप उडाली आणि २०१० पासून तसले पोशाख बंद झाले. कपड्यांमुळे माणूस इतका वेगवान झाला की कपड्यांवर बंदी आली, हे भाग्य जलतरणपटूंचे. माझ्या टी-शर्टवर बंदी आली ती घरात, आणि वेगळ्या कारणाने. पॉलिस्टरवर घामातील तेलकटपणा चिकटून राहतो आणि वास निर्माण करणारे काही जिवाणू सुती कापडापेक्षा त्यावर अधिक जोमाने वाढतात. दुकानात हे कोणी सांगत नाही. धुऊन वाळलेला टी-शर्ट अंगात घालून जरा घाम आला की मागच्या वेळचा वास जागा होतो. सध्या तो मागच्या गॅलरीत, इतर कपड्यांपासून वेगळ्या दोरीवर असतो.

जुने लोक काय घालत होते, असे काका उतरता उतरता म्हणाले होते. जुने लोक लंगोट घालत. शुक्रवार पेठेतल्या चिंचेच्या तालमीत उतरणाऱ्या मल्लाने लंगोट कसणे आणि मातीला हात लावून कपाळाला लावणे यात नटणे होते असे कोणी म्हटले नाही, पण आता मेहनत सुरू झाली हे शरीराला कळवण्याचे काम तोच लंगोट करत असे. शिवाय त्याचे एक रोकडे कामही होते. जे अवयव हलू नयेत ते हलू न देणे, यापेक्षा व्यायामाच्या कपड्याने अधिक काही करावे अशी अपेक्षाच नव्हती. पाश्चात्त्यांकडे हेच काम करणारा पुरुषांचा पट्टा फार पूर्वीपासून होता. स्त्रियांसाठी मात्र तसे काही असावे हे बराच काळ फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. १९७७ मध्ये अमेरिकेत लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर या तिघींनी पुरुषांचे दोन पट्टे उसवून, एकमेकांना जोडून पहिली स्पोर्ट्स ब्रा शिवली. या एका कपड्याने जितक्या बायकांना विनात्रास धावता आले असेल, तितका हुरूप सगळ्या चमकदार टी-शर्टांनी मिळून दिला नसेल.

आणि इथे माझी थट्टा जरा कडवट होते. माझ्या टी-शर्टवर काका बोलले, मी घरी येऊन ते रंगवून सांगितले आणि हसलो. सौ. हसली नाही. तिने घेतलेली व्यायामाची घट्ट पँट ती गुडघ्यापर्यंतच्या कुर्त्याखाली घालते. त्या कुर्त्यात पायऱ्या चढताना पाय अडकतो, घामाने तो मांड्यांना चिकटतो, आणि पँट ज्या मोकळेपणासाठी घेतली तो मोकळेपणा कुर्ता खाऊन टाकतो. कारण विचारले तर म्हणाली, "तुमचे काका तुम्हाला किंमत विचारतात. आम्हाला काही विचारत नाहीत, नुसते बघतात." पर्वतीवर सलवार-कमीजवर बूट घालून आणि ओढणीला कमरेशी गाठ मारून चढणाऱ्या बायका पाहिल्या की मला पूर्वी त्यांच्या साधेपणाचे कौतुक वाटे. त्यांनी हौसेने तसे घातले आहे असे मी कशावरून धरून चाललो होतो, कोण जाणे. २०२१ मध्ये नॉर्वेच्या महिलांच्या बीच हँडबॉल संघाने बिकिनीऐवजी साधी तोकडी चड्डी घातली म्हणून त्यांना १५०० युरो दंड झाला होता. तिकडे कमी घातले नाही म्हणून दंड, इकडे जास्त घातले नाही म्हणून नजरा. आणि नियम पुढे बदलले ते तिकडचे.

त्यानंतर आम्ही दोघे तिच्यासाठी दुसरी पँट घ्यायला गेलो. तिची अट एकच होती, खिसा हवा. स्कूटरची किल्ली हातात धरून धावता येत नाही. दुकानातील मुलीने एकामागून एक पँटी काढून दाखवल्या. सगळ्यांना ताण चौफेर होता, खिसा कशालाच नव्हता. शेवटी ती मुलगी कंटाळून म्हणाली, "मॅडम, खिसा दिला की फिगर दिसत नाही." सौ. म्हणाली, "मला किल्ली दिसेनाशी व्हायला हवी आहे."

जी बरी वाटली ती घेऊन आम्ही सदाशिव पेठेतल्या आमच्या शिंप्याकडे गेलो. त्याने कापड दोन्ही हातांनी ताणले, सोडले, पुन्हा ताणले आणि सांगितले की साधी सरळ टीप घातली तर पहिल्याच उठबशीला तुटेल, नागमोडी टीप घालावी लागेल. त्याने खिसा बसवला. खिशाचे ऐंशी रुपये घेतले, उरलेला दोरा दाताने तोडला आणि पँट घडी घालून देताना माझ्याकडे पाहून म्हणाला, "साहेब, एवढ्या तोकड्या कापडाला चौदाशे घेतले? आणि अस्तरसुद्धा नाही?"