शिक्षकांच्या परिषदेत शिक्षकांच्या वाट्याला २० मिनिटे

आज सकाळी एका शैक्षणिक तंत्रज्ञान परिषदेच्या आयोजकांचे पत्र आले. माझा सत्र-प्रस्ताव त्यांनी केव्हाच स्वीकारला होता. आजच्या पत्रात मात्र 'वेळापत्रकातील अपरिहार्य बदलांमुळे' माझी ४५ मिनिटांची कार्यशाळा आता २० मिनिटांचे सादरीकरण झाली आहे, प्रश्नोत्तरे त्यातच उरकावीत आणि स्लाइड्स त्यांच्या ठरावीक साच्यात आधी पाठवाव्यात, असे अत्यंत नम्र शब्दांत कळवले आहे. सोबतचे नवे वेळापत्रक उघडले, तेव्हा ही अपरिहार्यता कोठून आली ते कळले. माझ्याप्रमाणेच इतर शिक्षकांच्या सत्रांतून कापलेला वेळ मुख्य सभागृहातील 'उत्पादन परिचय' नावाच्या कार्यक्रमाला गेला आहे. बीजभाषण मात्र होते तेवढेच आहे. त्यातले एक मिनिटही हललेले नाही.

राग येण्याचे कारण माझे नाव पत्रिकेत खाली सरकले, हे नाही. ४५ मिनिटांत जे घडते ते २० मिनिटांत घडतच नाही, आणि हे ठरवणाऱ्यांना ते ठाऊक नाही किंवा ठाऊक असूनही चालते, याचा हा राग आहे.

मागे अशाच एका परिषदेत मी विद्युत परिपथांवर सत्र घेतले होते. साधन होते 'फेट', म्हणजे विज्ञानाचे प्रयोग पडद्यावर करून पाहण्याची संगणकीय सिम्युलेशन्स. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा प्रकल्प आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे: फुकट, नोंदणीशिवाय चालणारा, आणि एकदा उतरवून घेतला की इंटरनेट नसतानाही चालणारा. त्या दिवशी हा शेवटचा गुणच कामी आला. आधी प्रोजेक्टरला माझ्या लॅपटॉपची केबल बसेना, मग अॅडॅप्टर शोधण्यासाठी एक स्वयंसेवक धावला, आणि तो परत येईपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलच्या भाराने वायफायने मान टाकली. शेवटी पेनड्राइव्हवरून तीन-चार लॅपटॉपांवर सिम्युलेशन चढवले आणि शिक्षक खुर्च्या ओढून त्यांच्याभोवती बसले. हे सगळे होईपर्यंत १५ मिनिटे गेली. परिषदांत सत्र घेणाऱ्या कोणालाही विचारा, हा वेळ जातोच. नव्या हिशेबाने माझ्या हाती उरली असती पाच मिनिटे.

खरे सत्र त्यानंतर सुरू झाले. एका लॅपटॉपवर विज्ञानाचे एक ज्येष्ठ शिक्षक होते. दिव्यात शिरण्यापूर्वी विद्युतधारा जास्त असते आणि बाहेर पडताना कमी, असे ते शेजारच्या बाईंना पेन्सिलीने कागदावर आकृती काढून ठासून सांगत होते. बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी पडद्यावरचा धारा मोजणारा अमीटर आधी दिव्याच्या अलीकडे जोडला, मग पलीकडे. आकडा तोच. सर म्हणाले, "हे सॉफ्टवेअर चुकीचे आहे." बाईंनी एकसरीत आणखी एक दिवा जोडला. आकडा खाली आला, पण दोन्हीकडे पुन्हा सारखाच. मग सुरू झालेल्या वादात आजूबाजूचे लोकही ओढले गेले. "दिवा वीज खातो" हे आपण वर्गात किती सहज बोलून जातो, दिव्यात खर्च होते ती ऊर्जा आणि धारा तेवढीच राहते हे मुलांना कोणत्या शब्दांत सांगायचे, आणि मीटर दाखवण्याआधी मुलांकडून अंदाज लिहून घ्यायचा की नंतर, असे प्रश्न एकमेकांना विचारले जाऊ लागले. मी गप्प उभी होते. सर शेवटपर्यंत पूर्ण पटल्याचे कबूल झाले नाहीत; शाळेत खऱ्या तारा, खरा सेल आणि खरा अमीटर लावून पाहिल्याशिवाय मानणार नाही, असे सांगून त्यांनी पेनड्राइव्हवरची प्रत मागून घेतली. विज्ञानाच्या शिक्षकाने याहून योग्य काय म्हणायला हवे होते?

आता हेच सर २० मिनिटांच्या सादरीकरणाला बसले असते तर काय झाले असते? मी स्लाइडवर दोन अमीटर दाखवले असते, त्यांनी मान डोलावली असती, टाळ्या वाजल्या असत्या, आणि त्यांच्या वर्गात दिवा वीज खातच राहिला असता.

थोडक्यात बोलण्यात काही वाईट नाही, हे मान्य. २००३ मध्ये टोकियोत दोन वास्तुविशारदांनी सुरू केलेल्या 'पेचाकुचा' पद्धतीत २० चित्रे प्रत्येकी २० सेकंद दाखवून ६ मिनिटे ४० सेकंदांत माणूस खाली बसतो, आणि ते पाहायला मजा येते. पण ती झालेले काम दाखवण्याची पद्धत आहे. समोरच्याला काही करायला लावायचे असेल, तर त्याला करू द्यावे लागते, आणि त्याला लागेल तेवढा वेळ लागतोच. वर्गात हे तत्त्व मुलांसाठी सांगणारे लोक परिषदेत शिक्षकांसाठी विसरतात, याचे मला आता आश्चर्यही वाटेनासे झाले आहे.

प्रायोजकांशिवाय सभागृहाचे भाडे निघत नाही, हेही मला कळते. कळते, पण पटत नाही, कारण प्रायोजकाला बाहेर स्टॉल आहे, फलक आहे, पिशवीवर नाव आहे. त्यात शिक्षकाच्या सत्राचा वेळ कशासाठी? आणि व्यासपीठावरून काय ऐकवले जाणार तेही ठरलेलेच असते. १९१३ मध्ये थॉमस एडिसन यांनी शाळांतून पुस्तके लवकरच हद्दपार होतील आणि चलच्चित्रे सारे काही शिकवतील, असे भाकीत केले होते. त्यानंतर रेडिओ आला, दूरचित्रवाणी आली, संगणक आला, आणि २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून त्याच भाकिताला नवे कपडे चढले आहेत. त्या ज्येष्ठ सरांना अंदाज आधी लिहून घ्यायचा की नंतर हे हवे होते. शिक्षणाचे भविष्य नको होते.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे. आयोजकांमध्ये माझ्या ओळखीची माणसे आहेत, शाळा सांभाळून रात्री जागून ती हे उभे करतात, आणि तो अॅडॅप्टरसाठी धावणारा मुलगा तर दिवसभर बसला नव्हता. त्यांच्यावर माझा रोष नाही. पण वेगळे करता येते, हे त्यांनी पाहावे, असे मला वाटते. २०१० मध्ये फिलाडेल्फियात सुरू झालेल्या 'एडकॅम्प'मध्ये आधी ठरलेले वेळापत्रकच नसते. त्या दिवशी सकाळी शिक्षक फळ्यावर विषय लावतात, ज्याला जेथे बसावेसे वाटेल तेथे तो बसतो आणि कंटाळला तर उठून दुसऱ्या खोलीत जातो. तेथेही सगळीच सत्रे चांगली होत नसणार. निदान ती शिक्षकांची असतात.

मी आयोजकांना उत्तर पाठवले आहे. २० मिनिटांचे सादरीकरण मी करणार नाही. तो वेळ त्यांनी खुशाल दुसऱ्या कोणाला द्यावा. त्याऐवजी शेवटच्या सत्रानंतर कोणतीही एक रिकामी खोली ४५ मिनिटांसाठी द्यावी, प्रोजेक्टर नसला तरी चालेल, फक्त कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ छापावी. अजून उत्तर आलेले नाही. ओळ छापली गेली नाही तर खोली कोणती ते येथेच कळवेन. ज्यांना यायचे आहे त्यांनी लॅपटॉप चार्ज करून आणावा, आणि फेटचे परिपथाचे सिम्युलेशन घरूनच उतरवून आणावे, कारण तेथल्या वायफायवर माझा काडीचाही विश्वास नाही.