साठ टक्के बर्फ

आमच्या घरात हवामान खातं माझ्याकडे आहे. मी ते मागून घेतलेलं नाही. वीजबिल, गॅसचा नंबर आणि आत्याच्या गुडघ्याच्या गोळ्या जशा आपोआप गळ्यात पडल्या, तसंच हेही पडलं. एकदा श्रावणात मी सहज म्हणालो, "छत्री घ्या, पाऊस येईल," आणि आला. श्रावणात नाशिकला पाऊस येईल हे सांगायला काही लागत नाही. पण आईनं ते मजल्यावर चार घरी सांगितलं, आणि तेव्हापासून गोधड्या धुण्यापासून बारशाच्या मांडवापर्यंत सगळं माझ्या फोनशी येऊन थांबतं.

खरं संकट आलं ते बर्फामुळे. हिला पडता बर्फ बघायचा होता. पडलेला नाही, पडता. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी तसं कबूल केलं होतं म्हणे. मधल्या बावीस वर्षांत आम्ही एकदा शिमल्याला गेलो, पण तो मे महिना होता आणि बर्फ फक्त सरबतात होता. या खेपेला जानेवारीत मनाली, हे ठरलं. आता जानेवारीतल्या मनालीची तिकिटं स्वस्तात हवी तर ऑक्टोबरात काढावी लागतात. म्हणजे बर्फ कोणत्या तारखेला पडणार, हे मला कोजागरीच्या दुधाआधी सांगायचं होतं.

फोनमध्ये नव्वद दिवसांचा अंदाज देणारं एक अ‍ॅप सापडलं. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाचा असतो तसला त्याचा आत्मविश्वास. १७ जानेवारी, दुपारी २ ते ४, हलका हिमवर्षाव, दीड सेंटिमीटर. तीन महिन्यांपुढचा बर्फ, तोही पट्टीनं मोजलेला! आमच्या सोसायटीचा पाण्याचा टँकर 'निघालाय' असा फोन आल्यावरसुद्धा तो दुपारी येईल की संध्याकाळी हे खुद्द ड्रायव्हरला सांगता येत नाही. पण आकडा छापलेला दिसला की माणूस फसतो. मी १७ तारीख मध्ये धरून पाच दिवसांची तिकिटं काढली.

दुसऱ्या दिवशी बर्फ १९ला गेला. वसुबारसेला १४वर आला. भाऊबीजेला नाहीसाच झाला आणि त्याच्या जागी एक पिवळाधमक हसरा सूर्य येऊन बसला. रोज सकाळी चहा गाळता गाळता ही विचारायची, "आज कुठाय?" जणू कोणी पाहुणा लेट झालेल्या गाडीत बसलाय आणि मी त्याला मनमाडहून आणायला जाणार आहे.

शेवटी मुलानं मला समोर बसवलं. तो इंजिनीअरिंगला आहे, त्यामुळे कोणालाही समोर बसवतो. म्हणाला, "बाबा, दहा-चौदा दिवसांच्या पुढे अमुक दिवशी अमुक वाजता काय होईल, हे कोणालाच सांगता येत नाही. हे अ‍ॅप मागच्या वर्षांची सरासरी काढतं, थोडं इकडेतिकडे हलवतं आणि वर ढगाचं चित्र चिकटवतं." मग त्यानं एडवर्ड लोरेन्झची गोष्ट सांगितली. १९६१ सालची. या गृहस्थांनी संगणकावर हवामानाचं गणित मांडलं होतं. तेच पुन्हा चालवताना ०.५०६१२७ या आकड्याऐवजी त्यांनी नुसतं ०.५०६ टाकलं आणि कॉफी प्यायला गेले. तासाभरानं येऊन बघतात तर संगणकातलं दोन महिन्यांपुढचं हवामान भलतंच काहीतरी झालेलं.

आईला ते चटकन कळलं. "वाण्याच्या हिशोबात पैसे सोडून दिले की वर्षाखेरीला असंच होतं," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "यालाही तीच सवय आहे."

तरी मी हटलो नाही. रात्री जागून वाचत बसलो, आणि वाचता वाचता एक गोष्ट सापडली, जिनं मला फारच धीर आला. आपल्याकडचा लांब पल्ल्याचा पहिला अंदाज बर्फ बघूनच दिलेला आहे! भारतीय हवामान खातं १८७५ सालचं. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. यांच्या लक्षात आलं की हिमालयात बर्फ जास्त पडला की पुढच्या मोसमात आपल्याकडे पाऊस कमी. १८८२पासून चाचपडत, आणि मग ४ जून १८८६ला रीतसर, त्यांनी त्यावरून पावसाचा अंदाज दिला. म्हणजे मनालीत बर्फ किती आहे हे बघून येणं ही चैन नाही, ते गोदाकाठच्या माणसाचं जलनियोजन आहे. मी हे हिला ऐकवलं. ती म्हणाली, "मग खात्याकडून प्रवासभत्ता घ्या." (या खात्याचं मुख्यालय १९२८ला शिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. शिमला सोडून पुण्याला येण्याचा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांच्या अंदाजांबद्दल आमच्या नाशकात थोडी शंका असणं साहजिक आहे.)

मुळात नाशिककराचा पिंड अंदाजाचा नाही. त्याला डोळ्यांना दिसणारं माप लागतं. गोदावरीला पूर आला की आम्ही टक्के विचारत नाही. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं का, कमरेला लागलं का, हे विचारतो. कमरेच्या वर गेलं की सराफ बाजारातले लोक माल वरच्या फळीवर चढवायला लागतात. मारुतीला दोन तोंडं आहेत, पण उद्याबद्दल एकाही तोंडातून चकार शब्द निघत नाही. याला म्हणतात विश्वासार्हता.

माझा मेहुणा निफाडकडचा द्राक्षवाला. त्याला फोन लावला. म्हटलं, तुमचा तर जीवच हवामानावर. तो म्हणाला, "दाजी, आपण चार-पाच दिवसांच्या पुढं बघत नाही. पुढचं बघून फवारण्या करीत बसलो तर बाग औषधातच न्हाईल. आन बर्फाचं म्हणाल, तर तो काय तिथं उगवत नाही. तिकडून पश्चिमेकडून काहीतरी यावं लागतंय." त्याचं बरोबर होतं. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे ओलसर वादळी हवेचे भोवरे, हिमालयाला धडकले की बर्फ पडतो, आणि कोणता विक्षोभ धडकेल आणि कोणता वरच्या वर निघून जाईल, हे काही दिवस आधीच कळतं. जानेवारी २०२४च्या पहिल्या पंधरवड्यात तर खुद्द गुलमर्गचे उतार उघडे पडले होते. बर्फ आला तो महिनाअखेरीस.

निघायच्या चार दिवस आधी जरा भरवशाचा अंदाज आला. बर्फाची शक्यता ६० टक्के.

"म्हणजे पडणार की नाही?"

"तसं नसतं ते. म्हणजे असं समज, अशाच हवेत आपण शंभर वेळा मनालीला गेलो, तर साठ वेळा पडेल."

"एकदा न्या आधी."

तर नेलं. मनालीत पाच दिवस असं लख्ख ऊन होतं की मी नाक सोलून घेतलं. हॉटेलवाला रोज सकाळी "कल पक्का" म्हणायचा. त्याचा अंदाज अ‍ॅपपेक्षा बरा होता, निदान तारीख बदलत नव्हता. सोलांगला रस्त्याच्या कडेला जुन्या बर्फाचा एक ढीग होता, पाणीपुरीच्या पाण्याच्या रंगाचा. ही त्याच्याकडे बघत बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "पडलेला आहे."

चौथ्या दिवशी पहाटे फोन वाजला. मेहुण्यानं फोटो पाठवले होते. बागेच्या बांधावरचं गवत पांढरंशुभ्र, ठिबकच्या नळीवर काचेसारखा पापुद्रा. निफाडला पारा असा उतरला होता की दव गोठलं होतं. तो बिचारा रात्रभर मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवत आणि वेलींना पाणी सोडत फिरत होता, आणि तरीही खाली लिहायला विसरला नव्हता: 'ताईला म्हणावं, बर्फ हिकडं आलाय.'

आम्ही घरी पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मनालीत फूटभर पडला. ४० टक्क्यांत आम्ही होतो.

होळी जळाली, थंडी पळाली, आणि बर्फाचा विषय आता मिटला असं मला वाटलं. तेवढ्यात बातमी आली की यंदा एप्रिल ते जून उष्णतेच्या लाटेचे दिवस नेहमीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता आहे. आईनं त्यातला 'शक्यता' हा शब्द गाळून बाकीचं वाक्य पाठ केलं आणि जाहीर केलं, "कुरडया."

ज्यांच्या घरी कुरडया होतात त्यांनाच यातली मेख कळेल. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, तो फडक्यातून गाळून रात्रभर निवळत ठेवायचा. पाचव्या दिवशी पहाटे वरचं आंबूस पाणी ओतून, मीठ-हिंगाच्या आधणात चीक वैरून, गुठळी होऊ न देता घोटायचा, आणि तो गरम असतानाच सोऱ्यात भरून ऊन चढायच्या आत गच्चीवर घालायच्या. म्हणजे ज्या दिवशी गहू पाण्यात पडतो, त्या दिवशी पाचव्या दिवसाचं ऊन ठरलेलं असावं लागतं. एकदा चीक निघाला की तो थांबत नाही.

मला उलट बरं वाटलं. तीन महिने नाही, पाचच दिवस! विज्ञानाच्या कुंपणाच्या आतला प्रश्न. फोन बघितला, रोज ४१. "घाल गहू भिजत," मी म्हणालो.

"लाट आहे ना नक्की?"

"लाट अशी नसते आई. सपाटीवर तापमान ४० तरी हवं आणि शिवाय सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त हवं. किंवा मग सरळ ४५. तेव्हा लाट."

"मग घामाला सांग तसं," पदरानं मान पुसत ती म्हणाली.

पाचव्या दिवशी सकाळी नऊपर्यंत जुन्या सुती साडीवर दोनशेच्या वर कुरडया होत्या. मी पहारा होतो, हातात काठी, कावळ्यांसाठी. दुपारी ऊन असं, की गच्चीच्या फरशीवर पाय टेकवेना. फोनमध्ये सूर्य. साडेतीनला त्र्यंबकच्या बाजूनं एक काळा ढग उठला. मी फोन बघितला. सूर्य. वारा सुटला, खालच्या मजल्यावरची दारं आपटली. फोन बघितला. सूर्य, आणि खाली बारीक अक्षरात पावसाची शक्यता १० टक्के. मला मनाली आठवली आणि पोटात खड्डा पडला.

मी आरोळी ठोकली तोवर पहिली गार पत्र्यावर वाजली. आई, ही, मुलगा, शेजारच्या काकू, सगळे वर धावले. साडीची चार टोकं चौघांनी धरली, चौघांनी चार दिशांना ओढली, आणि निम्म्या कुरडया आम्हीच चुरल्या. बाकीच्या गारांनी. बोराएवढ्या गारा तापल्या फरशीवर तडतडत होत्या, उड्या मारत होत्या. आणि ही जिन्याच्या छपराखाली उभी, ओंजळ बाहेर काढून.

ओंजळीत सात-आठ जमल्या. तिनं त्याकडे बघितलं. मग एकदम चेहरा बदलला, गारा माझ्या हातात कोंबल्या आणि कमरेचा फोन काढला. "भाऊ, बाग रिकामी झाली ना रे? आणि कांदा? झाकलास?" पलीकडून काहीतरी आलं. "बरं. पडू दे मग," ती म्हणाली आणि भिंतीला टेकली.

द्राक्षं गेल्या आठवड्यातच निघाली होती, आणि कांदा शेडमध्ये होता. पण तिकडे गारा पडल्याच नव्हत्या. ढग आमच्या गच्चीपुरताच होता.

आमच्या फ्रीजरमध्ये आता स्टीलचा एक छोटा डबा आहे. मे महिन्यात पाहुणे आले की ही तो बाहेर काढते, झाकण उघडते, "पडताना पकडलेला," एवढंच सांगते आणि लगेच परत आत ठेवते. कुठला, ते सांगत नाही. डब्यावर आईनं चिकटपट्टी लावून लिहून ठेवलंय: 'कुरडई नाही'.