‘ब्रेक ऑइल सीलबंद असतं, बदलायचं कशाला?’

सध्या एक मेसेज फिरतोय: ‘ब्रेक ऑइल बंद नळ्यांत असतं, खराब होत नाही. पातळी उतरली तर भर घाला, काळं पडलं तरच बदला. गाडी कमी चालत असेल तर तेही नको. बाकी सगळी मेकॅनिकची कमाई.’ मेकॅनिकवरचा संशय कधीकधी रास्त असतो, पण इथे नाही.

‘बंद नळ्यांत असतं.’ दाबाच्या हिशेबाने बंद, हवेच्या हिशेबाने नाही. रबरी होजमधून, टाकीच्या झाकणाकडून ओलावा सावकाश आत शिरतो. बहुतेक गाड्यांतलं डॉट ३ किंवा डॉट ४ (हे ब्रेक ऑइलचे दर्जे) फ्लुइड ग्लायकोल इथरचं असतं आणि पाणी शोषणं हा त्याचा स्वभावच. (‘ऑइल’ आपण सवयीने म्हणतो. खरोखरचं इंजिन ऑइल त्या टाकीत ओतलंत तर रबरी सील फुगतील.)

आता त्या पाण्याने काय होतं ते बघा. कोरडं डॉट ४ किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात सुमारे 3.7 टक्के पाणी मिसळलं की हमी फक्त 155 अंशांची उरते. डॉट ३ ची 205 वरून 140 वर येते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबत आलं की चाकाबरोबर फिरणारी डिस्क आणि तिला घासणारे पॅड तापतात, ती धग पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमधल्या फ्लुइडला लागते आणि पाणी प्यायलेलं फ्लुइड उकळतं. द्रव दाबून आकसत नाही म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र आकसते. पेडल थेट तळाला जातं. गंमत म्हणजे गाडी थंड झाली की पेडल पुन्हा घट्ट लागतं, आणि तपासणाऱ्याला वरवर काहीच सापडत नाही.

‘पातळी उतरली तर भर घाला.’ आधी पॅड बघा. पॅड झिजले की त्यांना ढकलणारे कॅलिपरमधले पिस्टन बाहेर सरकतात आणि त्यांच्यामागची जागा भरायला फ्लुइड खाली जातं. म्हणजे हळूहळू उतरणारी पातळी ही झिजेची खूण, आणि तुम्ही तीच झाकून टाकता. वर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की टाकी ओसंडते. हे फ्लुइड रंग खातं, सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. पातळी झपाट्याने उतरत असेल तर गळती आहे, गाडी चालवू नका.

‘काळं पडलं तरच बदला.’ पाणी रंगात दिसत नाही. उत्कलनबिंदू मोजणारा टेस्टर लावला तरच कळतं.

‘गाडी कमी चालते.’ ओलावा किलोमीटर मोजत नाही. म्हणूनच बहुतेक कंपन्या मुदत वर्षांत देतात, बहुधा दोन किंवा तीन. आपल्या गाडीचं मॅन्युअल उघडा. डॉट कोणतं तेही तिथेच किंवा टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. आणि फडताळात अर्धी उरलेली जुनी बाटली असेल तर ती वापरू नका, तीही पाणी पीतच बसलेली असते.