पीएसटी म्हणजे बॅकअप नव्हे
आउटलुक या मायक्रोसॉफ्टच्या मेल प्रोग्रामचा मेलबॉक्स भरला की जुने मेल पीएसटी फाइलमध्ये, म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरवरच्या मेल साठवायच्या फाइलमध्ये हलवा, असा सल्ला एका लेखात वाचला. ऑफिससाठी तो धोक्याचा आहे. आउटलुकची ओएसटी फाइल ही सर्व्हरवरच्या मेलची प्रत असते; बिघडली तर पुन्हा तयार होते. पीएसटीचं तसं नाही. मेल तिच्यात हलवला की सर्व्हरवरून जातो, आणि ती फाइल असलेली हार्ड डिस्क गेली की कोटेशन, बिलं, ग्राहकाशी झालेला सगळा पत्रव्यवहार गेला. बरेच जण मग ती फाइल ऑफिसच्या नेटवर्कवरच्या शेअर्ड ड्राइव्हवर ठेवून तिथूनच उघडतात. तेही नको, मायक्रोसॉफ्ट स्वतःच तसं करू नका म्हणतं. मध्येच नेटवर्क तुटलं तर फाइल करप्ट होऊ शकते, आणि स्कॅनपीएसटी हे आउटलुकचं फाइल दुरुस्तीचं टूल चालवूनही सगळे मेल परत येतीलच असं नाही.

आउटलुक २०१० पासून पीएसटी फाइलच्या आकाराची मर्यादा मुळात ५० जीबी आहे खरी, पण फाइल तितकी फुगू देऊ नका. त्यापेक्षा तुमच्या प्लॅनमध्ये असेल तर सर्व्हरवरचं अर्काइव्ह (जुन्या मेलसाठीची वेगळी जागा) सुरू करा आणि कॅश्ड मोडमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या मेलची प्रत कॉम्प्युटरवर ठेवणाऱ्या सेटिंगमध्ये, फक्त वर्षभराचे मेल कॉम्प्युटरवर ठेवा. बाकीचे सर्व्हरवरच सुरक्षित राहतात. पॉप अकाउंट (ज्यात मेल सर्व्हरवरून कॉम्प्युटरवर उतरवले जातात) वापरत असाल, तर मेलची प्रत सर्व्हरवर ठेवण्याचा पर्याय चालू आहे का, ते आजच बघा.